पाच पायऱ्यांचा स्टुडिओ

संपादकांचा फोन आला. म्हणाले, "मोहिते, इतकी वर्षं फोटो स्टुडिओ चालवलात. लग्नाळू पोरं, रडकी बाळं, उसना कोट घालून बसणारे नवरदेव, सगळं पाहिलंत. दिवाळीसाठी काहीतरी हलकंफुलकं द्या." मी हो म्हटलं. चार दिवस लिहायला बसलो आणि हलकंफुलकं एक ओळ उतरेना. दर वेळी दुकानाच्या पायऱ्याच आठवायच्या आणि डोकं तापायचं. शेवटी बायको म्हणाली, "मग तेच लिहा ना. इतकी वर्षं मी ऐकलं, आता लोकांना ऐकू दे."

तेव्हा आधीच सांगतो, हा लेख रागानं लिहिलेला आहे. त्यातला बराचसा राग माझ्या स्वतःवर आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी नेरूळला दुकान घेतलं. सगळी भरावाची जमीन. पावसाळ्यात पाणी शिरू नये म्हणून बिल्डरनं इमारतीचं जोतं उंच घेतलेलं. रस्त्यावरून माझ्या दुकानात यायला काळ्या कडाप्प्याच्या पाच पायऱ्या होत्या. खोटं कशाला बोलू, मला त्या पायऱ्या फार आवडायच्या. बोर्ड लांबून दिसायचा, दुकानाला रुबाब यायचा. आत काउंटर, काउंटरमागे पडदा, पडद्याआड आणखी एक पायरी आणि मग फोटोची खोली. तिथे मागचा पडदा, दोन छत्रीचे लाइट आणि मधोमध जमिनीत बोल्ट मारून पक्कं केलेलं गोल स्टूल.

स्टूल पक्कं का, तर पासपोर्ट फोटोचा धंदा वेगावर चालतो. स्टूल हललं नाही की अंतर ठरलेलं, प्रकाश ठरलेला, फोकस ठरलेला. माणूस आला, बसला, हनुवटी जरा खाली, खांदे सरळ, खटॅक. पुढचा. बाहेरच्या लोकांना वाटतं, फोटोग्राफर माणूस बघून कॅमेरा लावतो. पासपोर्ट फोटोत कॅमेरा आधीच लावलेला असतो, माणसानं त्यात बसायचं असतं. जो बसत नाही त्याला आम्ही धंदेवाले "अवघड केस" म्हणायचो. हा शब्द मी गिऱ्हाइकाच्या देखत वापरलेला आहे.

त्या दिवसांत अपंग माणसांना एसटीडी-पीसीओचे टेलिफोन बूथ मिळायचे. सुगंधा त्याच अर्जाच्या फोटोसाठी आली. जवळच्या सारसोळे गावची, कोळ्याची मुलगी, वय चोवीस-पंचवीस. लहानपणी पोलिओनं दोन्ही पाय गेलेले, एका पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट. हातानं पेडल फिरवायची तीनचाकी सायकल ती स्वतः चालवत आली होती. मागून तिचे वडील, हिराजीबाबा, चालत आले होते. सायकल पायऱ्यांपाशी थांबली. हिराजीबाबा तिला उचलायला वाकले.

"नको बाबा," ती म्हणाली. "भर बाजारान मना मासलीच्या पाटीसारखी उचलू नको."

मी वरून पाहत होतो. म्हटलं, "उचलू नका, उचलू नका. मीच खाली येतो." आणि मला वाटलं, मी किती मोठ्या मनाचा माणूस.

रस्त्याकडेला विजेच्या खांबाला एक पांढरी चादर बांधली, दुसरं टोक हिराजीबाबांच्या हातात दिलं. समोर भाजी बाजार. शाळा सुटलेली. पाच मिनिटांत पन्नास माणसं जमली. अर्जात लिहिलं होतं, पूर्णाकृती फोटो, अपंगत्व स्पष्ट दिसेल असा. मी कॅमेऱ्यातून बघत म्हणालो, "साडी जरा वर घ्या. पाय दिसायला पाहिजेत. कचेरीत तसंच लागतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. गर्दीत कोणीतरी हसलं. हिराजीबाबांनी मान दुसरीकडे वळवली, पण चादर सोडता येईना म्हणून हात तसाच वर. तिनं साडी गुडघ्यापर्यंत घेतली. मी खटॅक केलं आणि म्हणालो, "छान."

छान! आजही तो शब्द आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

परवा फोटो तयार, म्हणून सांगितलं होतं. ती आली, पायऱ्यांखालून हाक मारली. मी पाकीट घेऊन खाली गेलो. तिनं फोटो बाहेर काढला, बघत राहिली.

"यान मी कुटं हाय?"

"हा काय तुमचा चेहरा."

"ह्ये पाय हायेत. वरती तोंड चिकटवलंय नुसतं." मग म्हणाली, "आमच्या शेजारच्या रेखाचा फोटो तुमीच काडलाव. आत बसवून, पडदा लावून, लाइट मारून. मना का रस्त्यावर?"

"अहो, पायऱ्या आहेत ना."

"पायऱ्या मी बांदल्या?"

"मग तुम्ही वर येणार कशा?"

"त्ये तुमी बगा. दुकान तुमचं हाय."

फोटो माझ्या हातात ठेवून ती निघून गेली. मला भयंकर राग आला. म्हटलं, एवढी सोय करून दिली, खाली उतरून आलो, आणि वर हे ऐकून घ्यायचं? दुपारी जेवताना सगळी हकीकत मंगलला, माझ्या बायकोला, सांगितली. वाढता वाढता तिचा हात थांबला.

"साडी वर घ्यायला लावलीत? बाजारात?"

तिनं पळी पातेल्यात ठेवली आणि आत निघून गेली. मी ताटावरून उठलो तेव्हा माझा राग सुगंधावर उरला नव्हता.

मग मी लाकडी सामान विकणाऱ्याकडून एक जुना दरवाजा आणला आणि पायऱ्यांवर तिरपा टाकला. झाला रॅम्प. हिराजीबाबांकडे निरोप धाडला. सुगंधा आली, दरवाज्याकडे बघितलं, आणि सायकलवरून सरकून पायरीवर बसली. म्हणाली, "आदी तुमी चडा."

मी सायकलवर बसलो, जोर लावून पेडल फिरवलं. अर्ध्यात गेल्यावर हातांतला जोर संपला, चाक मागे फिरलं आणि मी उलटा घसरत जाऊन आलं-लसणीच्या हातगाडीवर आदळलो. कोपर सोललं. आलंवाल्या बाईनं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सुगंधा मात्र हसत होती, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला पहिल्यांदा कळलं की माझ्या दुकानात यायला हातात किती ताकद लागते. मी तीनदा खाऊन-पिऊन धडधाकट माणूस, मला ते जमलं नव्हतं.

एका गवंड्यानं हिशोब समजावला. एक फूट चढायचं तर उताराची लांबी निदान दहा फूट पाहिजे. माझी चढण अडीच फुटांची, म्हणजे पंचवीस फूट लांब उतार. माझ्या दुकानाची रुंदी बारा फूट. म्हणजे उतार भिंतीला लागून शेजारच्या पिठाच्या गिरणीसमोरून न्यायला हवा. गिरणीवाले म्हणाले, "न्या की. डबे घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्यांची पण सोय होईल." प्रश्न उरला सोसायटीचा.

आमचे सेक्रेटरी शिकलेले, गोड बोलणारे गृहस्थ. म्हणाले, "मोहिते, तुमची भावना उत्तम आहे. पण बिल्डिंगचं समोरून दिसणारं एलिव्हेशन बिघडतं."

"एलिव्हेशन म्हणजे या पाच पायऱ्या?"

"आणि दुसरं असं, एकदा सोय केली की तसली सगळी मंडळी आपल्याच दारात यायला लागतील."

"तसली म्हणजे?"

"तुम्हाला कळतंय मी काय म्हणतोय ते."

कळत होतं. सभेत विषय निघाला तेव्हा तीसेक सभासद होते. त्यातल्या अर्ध्यांच्या घरी म्हातारे आईबाप होते. माझ्या बाजूनं हात वर झाले चार. चहा-बिस्किटं झाली, सभा संपली. आणि त्याच रांगेत कोपऱ्यावरच्या दुकानदारानं अख्खा फुटपाथ गिळून पत्र्याची शेड टाकली होती, तिच्याबद्दल एकानंही तोंड उघडलं नाही, कारण तो गणपतीची वर्गणी सढळ हातानं द्यायचा.

माझ्या करारात लिहिलं होतं की दुकानासमोरचा ओटा दुकानदारांच्या वापराचा. त्या ओळीवर बोट ठेवून मी सिमेंटचा उतार बांधला. आतली पायरी फोडून तिथेही उतार केला. स्टुलाचे बोल्ट कापले. स्टूल भंगारात गेलं, त्या जागी हातांची भक्कम खुर्ची आणली, तीही हलवता येईल अशी. केस विंचरायचा आरसा दीड फूट खाली घेतला. मंगल म्हणाली, "बरं झालं, मलाही आजवर त्यात नुसता भांगच दिसायचा."

उतार झाला आणि लोक यायला लागले. तोवर मला वाटायचं, आपल्याकडे अशी गिऱ्हाइकं येतच नाहीत, म्हणजे ती नसतीलच. ती घणसोलीहून, तळोज्याकडून, कुठून कुठून आली. त्यांनी मला माझाच धंदा नव्यानं शिकवला. एक मूकबधिर गृहस्थ आले. मी कॅमेऱ्यामागे डोकं घालून "स्माइल" ओरडतोय आणि ते घाबरून बघतायत. दोन फिल्म वाया गेल्यावर लक्षात आलं, कॅमेऱ्यामागे माझं तोंड झाकलं जातं, त्यांना माझं काहीच समजत नाही. मग कॅमेऱ्याला लांब वायरचं बटण लावलं आणि मी बाजूला उभा राहून स्वतःच हसून दाखवलं. पुढे सगळ्यांचेच फोटो मी तसे काढायला लागलो आणि ते आधीपेक्षा चांगले यायला लागले.

एक बाई आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. तो मान धरत नव्हता, फ्लॅश उडाला की सगळं अंग दचकायचं. तीन स्टुडिओंनी त्यांना परत पाठवलं होतं. आम्ही फ्लॅश बंद केला, साधे दिवे लावले. आईला खुर्चीवर बसवून वरून पडद्याचंच कापड पांघरलं आणि कापडाखालून तिनं दोन्ही हातांनी त्याचं डोकं सावरलं. मूल जणू पडद्यासमोर एकटंच बसलंय असं दिसलं. पाऊण तास लागला. जाताना त्या बाई म्हणाल्या, "तुम्ही एकदाही घड्याळाकडे बघितलं नाहीत." सुगंधा यायच्या आधी त्या आल्या असत्या तर परत पाठवणारा चौथा स्टुडिओ माझाच असता.

उतार झाल्यावर पहिल्याच आठवड्यात सुगंधा आली होती. जांभळी साडी, केसांत अबोली. सायकलवरून खुर्चीवर स्वतःच्या हातांच्या जोरावर गेली, मला हात लावू दिला नाही. बसली, पदर नीट केला, सरळ कॅमेऱ्यात बघितलं. फोटो पाहून म्हणाली, "ही मी." तोच फोटो तिनं अर्जाला लावला.

अर्ज परत आला. खिडकीवरचा कारकून तिला म्हणाला होता, "यात अपंग कुठं दिसतेय? ही तर चांगली धडधाकट बाई आहे. फसवायला येता काय?" ती समोर तीनचाकी सायकलवर बसलेली असताना म्हणाला. समोरची बाई खोटी आणि फोटो खरा, असा त्या खिडकीचा कायदा होता.

हे ऐकून माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी दुकान मंगलवर टाकून मी त्या कचेरीत गेलो आणि असा ओरडलो की चार टेबलांवरची माणसं उभी राहिली. म्हटलं, "तुमचा स्वतःचा फोटो लावताना चड्डीवर काढता का, धडधाकट आहात हे दिसावं म्हणून?" मला फार बरं वाटलं. कारकुनानं शांतपणे फाइल उचलली, गठ्ठ्याच्या सगळ्यात खाली घातली आणि म्हणाला, "आता या सहा महिन्यांनी."

सुगंधाला जाऊन सगळं सांगितलं.

"मी तुमाला पाटवलं व्हतं?"

"नाही, पण तो माणूस..."

"राग तुमचा व्हता, दादा. अर्ज माजा व्हता."

कोणाच्या तरी बाजूनं भांडायला निघालेल्या माणसानं आधी त्या माणसाला विचारावं, एवढी साधी गोष्ट मला पस्तिशीत एका गिऱ्हाइकानं शिकवली आणि त्यासाठी तिनं सहा महिने मोजले.

ते सहा महिने संपत आल्यावर ती पुन्हा आली. सकाळचे अकरा वाजले असतील. म्हणाली, "पाय दिसू दे. पन मी बी दिसली पायजे. सायकल आत घेतां का?" सायकल आत घेतली. दिवे नीट लावले, लोखंडी बूट असा उजळला की त्याचे बंद मोजता यावेत, आणि चेहरा त्याहून उजळ. कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आणायला मी गुडघ्यांवर बसलो. तिचा एक हात पेडलवर. आम्ही घाई केली नाही. बाहेरून धाडधाड आवाज येत होते. मला वाटलं, कोणाच्या तरी घरात लाद्या बसवतायत.

पडदा सारून बाहेर आलो तर उतार नव्हता.

चार मजूर घण घालत होते. निम्मा उतार ढिगारा झाला होता. अतिक्रमण काढणाऱ्या पथकाचा साहेब हातात कागद घेऊन उभा. मी ओरडलो, "मला नोटीस कुठाय?" तो म्हणाला, "सोसायटीला दिलीय. तक्रारही सोसायटीचीच आहे." वर पाहिलं तर पहिल्या मजल्याच्या गॅलरीत आमचे सेक्रेटरी चहाचा कप घेऊन उभे होते. कोपऱ्यावरची पत्र्याची शेड जागच्या जागी. मी ढिगाऱ्यातलं एक डबर उचललं. शेडवर मारणार होतो की गॅलरीवर, ते देवाला माहीत. मंगल घरून धावत आली आणि तिनं माझं मनगट धरलं.

तोवर सुगंधा सायकल घेऊन दारात आली होती. एका बाजूला पाच पायऱ्या, दुसऱ्या बाजूला फोडलेल्या उताराचा अडीच फुटांचा खड्डा. साहेब तिला बघून चपापला. त्याला आत कोणी असेल असं वाटलंच नव्हतं.

"ओ बाई, टेन्शन घेऊ नका. दोन माणसं देतो, उचलून खाली ठेवतील. दोन मिनिटांचं काम."

"हात लावाचा नाय," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मी वर आले माज्या हातानं. खाली बी माज्या हातानं जानार. तोवर मी हितंच."

आणि ती बसली. बारा वाजले, एक वाजला. बाजारातली गर्दी पुन्हा जमली, पण या वेळी कोणी हसलं नाही. मजूर घण खाली ठेवून बसले. मंगलनं घरून डबा आणला, दोघी जेवल्या. शेवटी सेक्रेटरी खाली आले.

"मॅडम, हे नाटक कशासाठी? उतार बेकायदा होता. प्लॅनमध्ये नव्हता."

"तुमी कंच्या माळ्यावर रातां?"

"पहिल्या. त्याचं काय?"

"जिना हाय ना वर जायाला?"

"अहो, जिना प्लॅनमध्ये आहे!"

"म्हंजे जिना प्लॅनान हाय," सुगंधा म्हणाली. "मीच प्लॅनान नाय."

सेक्रेटरींनी साहेबाकडे पाहिलं, साहेबानं कागदाकडे.

चारच्या सुमाराला घाऊक बाजारातली पाळी संपवून आमच्या गावाकडचे माथाडी परतत होते. साताऱ्याकडची माणसं, दिवसभर ट्रकमधून पोती उतरवणारी. त्यांच्यातला आनंदा माझ्या तालुक्यातला. गर्दी बघून थांबला, काय झालं ते ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "उंची किती म्हणायची?"

"अडीच फूट."

"ट्रकची चार असती." एवढं बोलून तो दोघांना घेऊन परत गेला. तासाभरात टेम्पो आला. त्यात ट्रकला लावायच्या लांब, जाड फळ्या होत्या. पाय घसरू नये म्हणून त्यांवर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या. मधे वाळूच्या पोत्यांचा टेकू देऊन त्यांनी दोन टप्प्यांत फळ्या लावल्या, वर नाचून बघितल्या, आणि आनंदा बाजूला होऊन म्हणाला, "या ताई. आमी खाली उभं हाय, पर हात न्हाई लावत."

सुगंधा उतरली. हळूहळू, दोन्ही हातांनी चाक दाबून धरत, एकेक फूट. कोणीतरी टाळ्या वाजवायला लागला. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचे हात हवेतच राहिले. रस्त्यावर पोचल्यावर ती आनंदाला म्हणाली, "फल्या मजबूत हायेत," आणि सारसोळ्याच्या दिशेनं निघून गेली.

त्या फळ्या मग माझ्याकडेच राहिल्या. सकाळी दुकान उघडताना लावायच्या, बंद करताना काढून आत ठेवायच्या. सेक्रेटरींनी पुन्हा तक्रारी केल्या. पथकाचा तोच साहेब आला, फळ्यांकडे बघून म्हणाला, "हे बांधकाम नाही, सामान आहे," आणि निघून गेला. जाताना माझ्याकडे न बघता "सॉरी" म्हणाला. पुढची सगळी वर्षं मी आणि मंगलनं त्या फळ्या रोज लावल्या आणि काढल्या. माझी कंबर गेली ती त्यात. सिमेंटचा उतार राहू दिला असता तर आज मी सरळ उभा राहिलो असतो. हल्ली नव्या बिल्डिंगींना नियमानं रॅम्प असतो. परवा एका ठिकाणी गेलो, रॅम्पवर ओळीनं तुळशीच्या आणि क्रोटनच्या कुंड्या. दुसरीकडे तीन स्कूटर. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, "वापरायला कोणी येतच नाही ना साहेब." मी कुंड्या स्वतः उचलून बाजूला ठेवल्या. त्यानं पुन्हा ठेवल्या असतील.

सुगंधाला बूथ मिळाला. तिसरा फोटो चालला. सारसोळ्याच्या वळणावर बूथ लागला, काउंटर तिच्या उंचीचा. उभ्या माणसांना फोन करायला वाकावं लागायचं. तक्रार केली तर म्हणायची, "वाका जरा. मोडत नाय कंबर."

दशक संपता संपता तिचं लग्न ठरलं. मुलगा नावडे गावचा, वेल्डिंगचं काम करणारा. तिच्या सायकलचा तुटलेला दांडा जोडायला आला होता, तिथून ओळख. लग्नाचे फोटो अर्थातच माझ्याकडे.

गावातल्या मोकळ्या जागेत मोठा मांडव. मी कॅमेरा घेऊन पोचलो आणि थिजलो. मांडववाल्यानं चार फूट उंच स्टेज बांधलं होतं, लाल गालिचा, दोन सिंहासनं, आणि चढायला पायऱ्या. हिराजीबाबांनी त्याला महिनाभर आधी उतार ठेव म्हणून सांगितलं होतं. तो म्हणाला, "काका, सगळीकडे असंच असतं. दोघं पोरं उचलतील, फोटो पण झकास येईल." मी त्याच्या अंगावर जाणार होतो, एवढ्यात सुगंधाची सायकल मांडवात आली. पिवळी साडी, बाशिंग. तिनं स्टेज पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. दोघंही स्टेजच्या पुढे, खाली, सतरंजीवर थांबले. तिनं माइक मागून घेतला.

"वरती कोन नाय जानार. ज्याला आशीर्वाद द्याचा हाय त्यानं हितं खाली याचं."

भटजी पोथी घेऊन खाली आले. अक्षता खाली पडल्या. अख्खं गाव रांगेनं येऊन, वाकून, बसून आशीर्वाद देऊन गेलं. हिराजीबाबा तर लेकीच्या सायकलशेजारी मांडी घालूनच बसले. मी सगळे फोटो जमिनीवर बसून काढले.

मग गावचे नगरसेवक आले, माणसांचा घोळका घेऊन, हातात भला मोठा पुष्पगुच्छ. त्यांना कोणी काही सांगायच्या आत सवयीनं ते तडक पायऱ्या चढून स्टेजवर गेले. मागून घोळकाही गेला. वर दोन रिकामी सिंहासनं. ते पुष्पगुच्छ पुढे धरून इकडे बघतायत, तिकडे बघतायत, नवरी काही सापडेना. मी खटॅक केलं.

अल्बम लावायला सुगंधा दुकानात आली, फळ्यांवरून, स्वतःच्या हातानं. तो फोटो मी बाजूला काढून ठेवला होता. म्हटलं, "हा नको घेऊ या. उगाच त्यांचा अपमान."

तिनं फोटो उचलला, डोळ्यांजवळ धरला, मग अल्बमचं पहिलं पान उघडून माझ्यासमोर सरकवलं.

"ह्यो पयला," ती म्हणाली.